लाट, फळी आणि रेषा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत, समुद्राच्या लाटांवर आणि रस्त्यांवर फळीने घसरणाऱ्या तरुणांच्या कलेविषयी लिहावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु कोणत्याही समाजाच्या कलेच्या इतिहासात त्या समाजाचे चित्र कोणी काढले, परक्याने की आपल्या माणसाने, हा प्रश्न फार महत्त्वाचा असतो. त्याच्याच अनुरोधाने आम्ही या कलेचा मागोवा घेणार आहोत. घर सोडून दूर नांदणाऱ्या मराठी कुटुंबांस तो सर्वस्वी परका वाटू नये.

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर लाटेवर स्वार होण्याची विद्या शेकडो वर्षांची आहे. तेथील भाषेत तिला ‘हेए नालू’, म्हणजे लाटेवरून घसरणे, असे म्हणतात. कोआ, विलीविली अशा झाडांच्या लाकडातून फळ्या घडविल्या जात. ‘ओलो’ नावाची लांबलचक फळी सरदारांची, तर ‘अलाइआ’ ही तिच्याहून आखूड. तेथील लाव्हाच्या खडकावर जी कातळशिल्पे आहेत, त्यांत फळीवरील मनुष्याकृतीही आढळतात. ही त्या लोकांनी स्वतः काढलेली आपली चित्रे होत.

इ. स. १७७८ मध्ये कॅप्टन कुकची जहाजे या बेटांना लागली. त्यांच्यावर जॉन वेबर नावाचा चित्रकार होता. त्याच्या चित्रावरून कोरलेले केअलाकेकुआ उपसागराचे दृश्य १७८४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. त्यात अनेक होड्यांच्या मध्ये फळीवर पालथा पडून हातांनी पाणी कापणारा एक मनुष्य दिसतो. युरोपीय कलेतील अशा फळीचे हे पहिले चित्र मानले जाते. चित्राचा विषय मात्र तो उपसागर आहे; फळीवरचा मनुष्य दृश्याची शोभा वाढविण्यापुरता आला आहे.

पुढे या लोकांवर कठीण काळ आला. परदेशी जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी वस्ती झपाट्याने घटली. १८२० मध्ये अमेरिकन मिशनरी आले. त्यांना उघड्या अंगाने चालणारी ही क्रीडा रुचली नाही. १८९३ मध्ये राणीचे राज्य उलथविण्यात आले आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेस जोडली गेली. एवढ्या पडझडीतही ही विद्या पुरती नाहीशी झाली नाही. १८८५ मध्ये कॅलिफोर्नियात शिकत असलेल्या तीन हवाई राजपुत्रांनी तेथल्याच रेडवूड लाकडाच्या फळ्या करून घेतल्या आणि सांताक्रूझच्या किनाऱ्यावर ते लाटांवर स्वार झाले. शिक्षणासाठी घरापासून दूर गेलेल्या मुलांनी परक्या लाकडातून आपले घर उभे केले, असेच म्हणावे लागेल! त्यानंतर ऑलिंपिकविजेता जलतरणपटू ड्यूक कहानामोकू याने हा खेळ ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचविला.

कॅलिफोर्नियात या खेळाभोवती जी चित्रकला वाढली, तिला आधार मिळाला तो एका लहानशा पुस्तिकेचा. जॉन सेव्हरसन हा चित्रकार सैन्यातील नोकरीनिमित्त हवाईत राहिला होता. तेथे तो लाटांची चित्रे रंगवी आणि चित्रपटही घेई. १९६० मध्ये आपल्या एका चित्रपटाच्या जोडीला म्हणून त्याने छायाचित्रे व रेखाचित्रे असलेली ‘द सर्फर’ ही ३६ पृष्ठांची पुस्तिका काढली. एका प्रसंगापुरती निघालेली ही स्मरणिकाच म्हणायची. पण तिचे नियतकालिक झाले आणि ते २०२० पर्यंत चालले. रिक ग्रिफिन या तरुणाचा ‘मर्फी’ हा व्यंगचित्रातील पोरगा याच पानांवर लोकप्रिय झाला. १९६४ मध्ये जॉन व्हॅन हॅमर्सव्हेल्ड याने ‘द एंडलेस समर’ या चित्रपटाचे भित्तिपत्रक केले. भडक सपाट रंगांचे आकाश, त्यात सूर्याचे वर्तुळ आणि फळ्या घेतलेल्या तीन काळ्या छायाकृती, एवढ्या मोजक्या साहित्यावर ते आजही ओळखले जाते.

लाटा नसतील त्या दिवशी काय करावे, या विवंचनेतून चाके लावलेली फळी, म्हणजे स्केटबोर्ड, पुढे आला. १९७० नंतर युरेथेनची चाके निघाली आणि फळी रस्त्याला घट्ट धरून धावू लागली. १९७६-७७ च्या अवर्षणात कॅलिफोर्नियातील घरोघरचे पोहण्याचे हौद कोरडे पडले, आणि त्यांच्या गोलाईत मुलांना न ओसरणारी लाट सापडली. सांता मोनिकातील क्रेग स्टेसिक याने वस्तीतील भिंतींवरची अक्षरे व खुणा फळ्यांवर आणल्या, या मुलांची छायाचित्रे घेतली आणि त्यांच्याविषयी लेखही लिहिले. १९८५ मध्ये जिम फिलिप्सने रंगविलेला किंचाळणारा निळा हात तर पुढे जगभर गेला.

ही चित्रे असतात फळीच्या खालच्या अंगाला. मुले कठड्यावरून फळी घसरवू लागली की रंग खरवडला जातो. फळी जितकी वापरात, तितके चित्र लवकर पुसले जाते. अंगणातल्या रांगोळीशी तिचे हे नाते आम्हांस फार जवळचे वाटते. उलट २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कंपनीने काढलेल्या २४८ फळ्यांचा संच लिलावात ८ लाख डॉलरना गेला. ज्या कलेचे आयुष्य झिजण्यात, तिची किंमत न झिजण्यावरून ठरावी, हा काळाचा महिमा!

या वैभवात मूळच्या बेटकरांचे काय झाले? त्यांची विद्या जगभर गेली, नाव मात्र पुष्कळदा मागे राहिले. म्हणून हर्ब कावाइनुई काने या चित्रकाराची गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. हवाई वंशाचा हा गृहस्थ दूर शिकागोत जाहिरातींची चित्रे काढून उपजीविका करीत असे. तेथेच त्याने पूर्वजांच्या नौकांचा अभ्यास करून त्यांची चित्रे रंगविण्यास प्रारंभ केला. पुढे तो हवाईत परतला आणि त्याच्याच आराखड्यावरून ‘होकुलेआ’ ही जोडनौका बांधण्यात आली. १९७६ मध्ये आधुनिक उपकरणांवाचून, ताऱ्यांच्या व लाटांच्या खुणांवर ती ताहितीस पोहोचली. वेबरच्या चित्रात एका अंगाला राहिलेली माणसे अशा रीतीने पुन्हा स्वतःच्या चित्राच्या मध्यभागी आली.

या इतिहासातून आम्हांस एक साधी गोष्ट सुचवावीशी वाटते. गणेशोत्सवाचे मखर करणारे, नाटकाचे पडदे रंगविणारे, हळदीकुंकवाच्या दारी रांगोळी काढणारे हात आपल्या प्रत्येक मंडळात असतात. त्यांची कला दुसऱ्या दिवशी आवरली जाते; निदान त्यांची नावे तरी आवरली जाऊ नयेत. घराघरांतून जी जुनी छायाचित्रे पडून आहेत, त्यांच्या मागे नाव, गाव आणि साल लिहून ठेवावे. पुढल्या स्मरणिकेचे साहित्य तेच आहे. आपण लिहिले नाही, तर कोणी परका कधीकाळी आपले चित्र काढील, आणि त्यात आपण कोपऱ्यात असू.