अंध-पंगु न्याय आणि पांढरी काठी : तंजावर परिसराच्या संदर्भात

भारतीय परंपरेत दृष्टिहीनाच्या चालण्याची सर्वपरिचित प्रतिमा अंध-पंगु न्यायात आढळते. ईश्वरकृष्णाच्या 'सांख्यकारिके'त (कारिका 21) ती पुरुष आणि प्रकृती यांच्या संयोगाचा दृष्टांत म्हणून येते. तमिळ परंपरेतील 'इरट्टैयर' या कविद्वयाच्या आख्यायिकेत अंध कवी पंगू कवीला खांद्यावर घेऊन हिंडतो आणि एकाने आरंभिलेले पद्य दुसरा पूर्ण करतो. काव्यात दोघे समान भागीदार आहेत. वाटेवर मात्र पाय अंधाचे आणि दिशा दुसऱ्याची.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात अंधत्वाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले गेल्याचा महत्त्वाचा पुरावा सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द 1798–1832) यांच्या काळातील आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह जतन केलेल्या आहेत. येथे अंधत्व रूपक न राहता व्याधी झाले. परंतु उपचारांनंतरही ज्यांना दिसणार नव्हते, त्यांच्या जगण्याचा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेबाहेरच राहिला.

तो प्रश्न पुढे शाळांनी हाती घेतला. पाळयंकोट्टै येथे ॲस्क्विथ यांनी 1890 मध्ये आणि मुंबईत ॲना मिलर्ड यांनी 1900 मध्ये अंधांसाठी शाळा काढल्या. ब्रेल आणि हस्तव्यवसाय यांमुळे अक्षर व उपजीविका हाती आली. स्वतंत्र संचाराचे शास्त्र मात्र उशिरा, दुसऱ्या महायुद्धातील अंध सैनिकांच्या पुनर्वसनातून आकारास आले. 1944 मध्ये अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी लांब काठीची पद्धती सिद्ध केली. डावे पाऊल पुढे पडताना काठीचे टोक उजवीकडे टेकते. म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासली जाते.

ही पद्धती सपाट फरसबंदीस सोयीची आहे. त्रिभुज प्रदेशातील गावांत तिला भातखाचरांचे अरुंद बांध आणि कालवे भेटतात. बांधावर काठीचा झोत आखडता घ्यावा लागतो. कालव्याचा खळखळाट ही वाटेची खूण मानावी, तर तीही ऋतूनुसार बदलते. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेनुसार 12 जूनला सुटते, पाणीसाठा अपुरा असल्यास लांबते. कोरड्या कालव्याला आवाज नसतो. म्हणून येथील शिक्षणात पायाखालच्या मातीचा पोत, उन्हाची दिशा, देवळाची घंटा अशा अनेक खुणा परस्परांशी ताडून पाहणे अपरिहार्य ठरते. 1974 च्या एकात्मिक शिक्षण योजनेने अपंग विद्यार्थ्यांना सर्वसामान्य शाळांची दारे उघडली, तेव्हा घर ते शाळा ही वाटदेखील अभ्यासविषय होणे क्रमप्राप्त होते.

या दृष्टीने पाहता पांढरी काठी त्या प्राचीन न्यायाला दुरुस्ती सुचवते. खांद्यावरचा वाटाड्या उतरला, तरी चालणाऱ्यापाशी दिशा उरते. कारण दिशा केवळ डोळ्यांत नसते. साहित्यातील अंध व्यक्तिरेखांचा तौलनिक विचार करताना ही दुरुस्ती दृष्टिआड करून चालणार नाही.