त्रेचाळीस दात आणि तोरणमाळचा घाट

दुसऱ्या महायुद्धातील विलिस एमबी या लष्करी जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये पिनियनला 8 दात होते आणि क्राऊन चक्राला 39. इंग्लंडातील अ‍ॅबिंग्डन येथे 1945 साली बनू लागलेल्या एमजी टीसी या स्पोर्ट्स कारमध्ये पिनियनला 8 आणि क्राऊनला 41. त्याच वर्षी अमेरिकेतील टोलिडो येथून शेतकऱ्यांसाठी बाहेर पडलेल्या सीजे-2ए जीपमध्ये 8 आणि 43. पुढे 1953 साली आलेली एमजी टीएफ तर थेट लष्करी जीपच्या 39 दातांवर येऊन बसली.

एक गाडी शर्यतीची हौस भागवणारी, दुसरी चिखलातून तोफ ओढणारी, तिसरी नांगर ओढण्यासाठी विकली गेलेली. आणि त्यांच्या अ‍ॅक्सलमधील फरक दोन-दोन दातांचा. मग घाटात एक धापा का टाकते आणि दुसरी का चढते, याचे उत्तर अ‍ॅक्सलमध्ये एकटे सापडत नाही.

43 ला 8 ने भागले की सुमारे 5.38 येते. चाकाची एक फेरी व्हायला प्रॉपेलर शाफ्टला तेवढ्या फेऱ्या माराव्या लागतात. हा आकडा मोठा असेल तर ओढ वाढते, वेग घटतो. 6.00-16 मापाचे टायर एका फेरीत साधारण 2.2 मीटर पुढे जातात. म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला 1000 फेऱ्या फिरले, तर 5.38 ची जीप ताशी साडेचोवीस किलोमीटर जाते. 39 दातांची, म्हणजे 4.88 ची, ताशी सत्तावीस. एमजीचा हिशोबही यांच्या आसपासच येतो.

फरक पडतो तो गिअरबॉक्समुळे. एमजी टीसीला चार गिअर होते आणि तिसरा 1.35 चा होता. चालकाने तिसऱ्यात 5000 फेऱ्यांपर्यंत इंजिन ताणून टॉप टाकला, तर फेऱ्या 3700 वर येत आणि 1250 सीसीचे ते इंजिन तिथेही जोमात असे. जीपला तीनच गिअर. टी-90 गिअरबॉक्सचा पहिला 2.798, दुसरा 1.551 आणि तिसरा थेट. दुसऱ्यात 3000 फेऱ्यांवर, ताशी सत्तेचाळीस किलोमीटरला, टॉप टाकला की फेऱ्या एकदम 1930 च्या आसपास कोसळत. सपाटीवर हे खपून जाई. घाटात नाही.

या ठिकाणी नंदुरबार जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवावा. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला, त्याआधीच्या काळात पश्चिम खानदेशात मोडणारा हा प्रदेश दोन अगदी भिन्न पातळ्यांवर वसला आहे. दक्षिणेला तापीचे सपाट खोरे, शहादा आणि तळोदा. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा, धडगाव आणि अक्कलकुवा. शहादा समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरही उंच नाही, तर तोरणमाळ सुमारे 1150 मीटरवर आहे. मधला चढ जवळजवळ एक किलोमीटर उंचीचा, आणि त्याचा अवघड भाग सातपायरीच्या वळणांत एकवटलेला.

आता एक साधे गणित. प्रवासी आणि सामान धरून 1800 किलोची सीजे-3बी जीप आठास एक अशा चढावर असेल, तर तिला 250 किलोंहून अधिक ओढ लागते. तिच्या 2199 सीसीच्या हरिकेन इंजिनाचा पूर्ण टॉर्क, म्हणजे पीळ देण्याचे बळ, 5.38 ने गुणून चाकापर्यंत आणला तरी टॉपमध्ये सुमारे 220 किलो हाती लागतात. गाडी अडते. दुसऱ्या गिअरमध्ये तेच 340 होतात आणि गाडी निघते, पण इंजिनाचा आक्रोश ऐकत आणि सावकाश. रस्ता जिथे धुपून गेला आहे तिथे ट्रान्स्फर केसचा लो टाकावा लागतो. सीजेचा लो 2.46 चा. पहिला गिअर, लो आणि अ‍ॅक्सल यांचा गुणाकार 37 येतो. लष्करी एमबीचा हाच गुणाकार पंचवीस-सव्वीसच्या दरम्यान थांबतो. युद्धानंतर टोलिडोने नांगरटीसाठी घेतलेला हा निर्णय. सातपुड्याचे नावही तेथे कुणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते.

तो निर्णय महाराष्ट्रात आला मुंबईमार्गे. 1945 साली स्थापन झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद या कंपनीने ऑक्टोबर 1947 मध्ये विलिसच्या 75 गाड्या सुट्या भागांत आणवल्या. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. पुढे माझगावात जीपची जुळणी सुरू झाली. उंच बॉनेटची सीजे-3बी अमेरिकेत 1968 साली बंद पडली. भारतात तिचे वंशज त्यानंतर कित्येक दशके बनत राहिले. धडगावच्या बाजाराला जाणारा माणूस, बाळंतपणासाठी खाली आणलेली बाई आणि मतपेट्या, हे सारे त्यांच्याच पाठीवरून गेले.

खरी कसोटी मात्र डिझेलने लावली. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेनासे झाले आणि जीपमध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातील डिझेल इंजिन आले. हे इंजिन कमी फेऱ्यांवर बळ देते, पण वर फिरायला नाखूश असते. ते 2500 फेऱ्यांवर थांबते असे धरले, तर 5.38 च्या अ‍ॅक्सलवर टॉपचा वेग ताशी एकसष्ट किलोमीटरवर अडकतो. घाटात ही जोडी उत्तम होती. शहाद्याहून धुळ्याकडे जाणाऱ्या सपाट सडकेवर ती रडकुंडीला आणणारी. अ‍ॅक्सल बदलावा तर घाट हातचा जातो, न बदलावा तर सडक.

उत्तर शेवटी गिअरबॉक्समध्ये आणि इंजिनात शोधले गेले. महिंद्राने 1979 मध्ये प्यूजोकडून एक्सडीपी 4.90 या इंजिनाचा परवाना घेतला. चार सिलिंडर, 90 मिलिमीटर व्यास, म्हणून 4.90; घनता 2112 सीसी. हे मोटारीच्या जातीचे डिझेल होते आणि ट्रॅक्टरच्या इंजिनापेक्षा खुशीने फिरत असे. 1982 मध्ये किया कंपनीकडून चार गिअरच्या गिअरबॉक्सचा परवाना आला, आणि 1985 साली एमएम 540 ही जीप बाजारात उतरली. तीन गिअरमधल्या त्या रुंद दरीवर अखेर पूल बांधला गेला. जी सोय एमजीच्या चालकाला 1945 सालीच मिळाली होती, ती सातपुड्याच्या चालकापर्यंत पोहोचायला चाळीस वर्षे लागली.

आज जुन्या जीप पुन्हा उभ्या करणारे तरुण बहुधा पहिली मागणी करतात ती महामार्गावरच्या वेगाची, आणि 43 दातांच्या जागी 39 दातांचे क्राऊन-पिनियन शोधू लागतात. हा बदल फक्त मागे केला, तर फोर बाय फोर टाकताच पुढची चाके एका गतीने आणि मागची दुसऱ्या गतीने फिरू पाहतात. ओल्या मातीत टायर घसरून हिशोब भागतो. कोरड्या डांबरावर मात्र तो ताण शाफ्ट, जॉइंट आणि गिअर यांना सोसावा लागतो. म्हणून दोन्ही अ‍ॅक्सल एकाच मापाचे हवेत. जुन्या गाडीत आत काय बसवले आहे हे घराच्या आवारातही मोजता येते: मागची दोन्ही चाके उचलून, खडूची खूण करून ती बरोबरीने एक फेरी फिरवावीत आणि प्रॉपेलर शाफ्टच्या फेऱ्या मोजाव्यात. पाचाच्या थोड्या आत आल्या तर 39, पाच आणि वर तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त आल्या तर 43.

उतरणीचा हिशोब बहुतेक जण विसरतात. सातपायरीवरून खाली येताना गाडी रोखून धरते ते दुसऱ्या गिअरमधले इंजिन. ब्रेकवरच विसंबले तर ड्रम तापतात आणि वळणाच्या तोंडाशी पेडल पोकळ लागते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्याने ही रोख स्वतःहून काढून टाकलेली असते. 5.38 चा अ‍ॅक्सल काढून 4.88 बसवला की दुसऱ्या गिअरमधली ही रोख सुमारे नऊ टक्क्यांनी कमी होते. गच्च भरलेल्या गाडीच्या चालकाने मग तेच वळण पहिल्या गिअरमध्ये घ्यावे लागते.