वेग ओसरल्यानंतरचा पॉइंट गार्ड : जेसन किड यांच्या खेळातील स्थित्यंतरे (१९९४ ते २०१३)

प्रस्तावना

खेळाडूच्या कारकिर्दीचा इतिहास बहुधा उदय, उत्कर्ष आणि ऱ्हास अशा तीन टप्प्यांत लिहिला जातो. शरीराच्या वयाशी ही मांडणी जुळत असली, तरी कौशल्याच्या वाटचालीस ती नेहमीच लागू पडते असे नाही. बास्केटबॉलमधील पॉइंट गार्ड या स्थानाचा विचार करताना ही अडचण विशेषत्वाने जाणवते. चेंडू पुढे आणणे, आक्रमणाची आखणी करणे आणि कोणत्या सहकाऱ्याकडे चेंडू केव्हा द्यायचा हे ठरविणे, ही या खेळाडूची कामे होत. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक संघटनेने १९५४ मध्ये २४ सेकंदांच्या आत बास्केटच्या दिशेने फेक करण्याचे बंधन घातले; त्यामुळे हा निर्णय क्षणार्धात घेणे भाग पडले. पायांतील वेग कमी झाल्यावर अशा खेळाडूजवळ काय उरते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात जेसन किड यांच्या १९ हंगामांच्या कारकिर्दीच्या आधारे तपासला आहे.

प्रारंभीचा काळ

१९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेले व ओकलंडमध्ये वाढलेले किड कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संघातून दोन वर्षे खेळले. १९९४ च्या निवडप्रक्रियेत डॅलस मॅव्हरिक्सने त्यांना दुसऱ्या क्रमांकावर घेतले. पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार त्यांना ग्रँट हिल यांच्यासमवेत विभागून मिळाला. त्यांची धाव, चेंडू हिसकावण्याची चपळाई आणि पास देण्याची दृष्टी यांविषयी दुमत नव्हते. दोष एकच, पण तो मोठा होता. दुरून बास्केट साधणे त्यांना जमत नसे. ‘जेसन’ या नावातील ‘जे’ गाळून त्यांना ‘एसन’ म्हणण्याची थट्टा याच काळात रूढ झाली. कारण त्यांच्याजवळ ‘जे’, म्हणजे जंप शॉट, नाही असे म्हटले जाई.

आकडेही याला दुजोरा देतात. १९९४-९५ मध्ये तीन गुणांच्या २५७ प्रयत्नांपैकी केवळ ७० यशस्वी झाले. हे प्रमाण २७.२ टक्के भरते. येथे एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. त्याच हंगामापासून तीन वर्षे एनबीएने तीन गुणांची रेषा सर्वत्र २२ फुटांवर, म्हणजे बहुतांश भागात पूर्वीपेक्षा जवळ, आणली होती. तेव्हा हे प्रमाण दिसते त्याहूनही दुबळे मानले पाहिजे.

उत्कर्ष आणि त्याची कारणे

डिसेंबर १९९६ मध्ये किड फिनिक्स सन्सकडे गेले आणि २००१ मध्ये न्यू जर्सी नेट्सकडे. नेट्सने २०००-०१ मध्ये २६ सामने जिंकले होते; पुढील हंगामात ही संख्या ५२ झाली आणि संघ अंतिम फेरीत पोहोचला. या बदलाचे सर्व श्रेय किड यांना देण्याची प्रथा आहे. ती काहीशी भाबडी वाटते. केरी किटल्स दुखापतीनंतर परतले होते, केनियन मार्टिन यांचे दुसरे वर्ष होते आणि रिचर्ड जेफरसन संघात नव्याने आले होते. परंतु हे तिघेही धावणारे खेळाडू होते व त्यांना धावते ठेवणारा माणूस किड हाच होता, हेही नाकारता येत नाही.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. प्रतिस्पर्ध्याची फेक हुकली की साधारणतः उंच खेळाडू चेंडू पकडून गार्डकडे सोपवतो. किड स्वतःच रिबाउंड घेत आणि लगेच धावू लागत. मधला एक पास वाचे, प्रतिस्पर्ध्यांना माघारी फिरण्यास वेळ मिळत नसे. त्या हंगामात त्यांनी सरासरी १४.७ गुण, ९.९ असिस्ट आणि ७.३ रिबाउंड नोंदविले. २००२ मध्ये लेकर्सकडून ४-० आणि २००३ मध्ये स्पर्सकडून ४-२ असा पराभव झाला. विजेतेपद हुकले ते हुकलेच.

शस्त्रक्रिया आणि पुनर्रचना

२००४ च्या उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्यावर मायक्रोफ्रॅक्चर शस्त्रक्रिया झाली. हाडाला सूक्ष्म छिद्रे पाडून झिजलेल्या कूर्चेच्या जागी नवी ऊती वाढविण्याचा हा उपाय असून त्यानंतर अनेक खेळाडूंना पूर्वीची उसळी लाभलेली नाही. किड तेव्हा ३१ वर्षांचे होते. ज्या वेगावर सारा डोलारा उभा होता, त्यालाच धक्का बसला होता.

फेब्रुवारी २००८ मध्ये ते डॅलसला परतले आणि तेथे त्यांच्या खेळाचे रूप पालटलेले दिसते. बास्केटपर्यंत मुसंडी मारणे कमी झाले. रेषेबाहेर पाय रोवून उभे राहणे व संधी मिळताच फेक करणे वाढले. २००९-१० मध्ये त्यांनी तीन गुणांच्या ४१४ प्रयत्नांपैकी १७६ यशस्वी केले, म्हणजे ४२.५ टक्के, आणि तेही पुन्हा मूळ अंतरावर नेलेल्या रेषेवरून. वेग गेल्यावर स्विंग शिकून घेणाऱ्या जलदगती गोलंदाजाची आठवण येथे क्रिकेटच्या वाचकास व्हावी.

बचावातील बदल तितकाच महत्त्वाचा, पण आकडेवारीत तो जवळजवळ दिसत नाही. चपळ, लहान चणीच्या गार्डांमागे धावणे अवघड झाल्यावर २०११ च्या बाद फेरीत प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी त्यांना प्रसंगी कोबी ब्रायंट, केव्हिन ड्युरंट व लेब्रॉन जेम्स यांच्यासमोर उभे केले. ६ फूट ४ इंच उंची, बळकट अंगकाठी आणि पुढची चाल आधी ओळखण्याची सवय तेथे उपयोगी पडली. ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या चौथ्या सामन्यात वाढीव वेळेत संघाला आघाडी मिळवून देणारी तीन गुणांची फेक किड यांचीच होती. एकेकाळी ज्या फेकीवरून थट्टा झाली, तीच ही फेक. अंतिम फेरीत डॅलसने मायामी हीटला ४-२ असे हरविले. ३८ व्या वर्षी त्यांना पहिले आणि एकमेव एनबीए विजेतेपद मिळाले. त्या हंगामात त्यांची सरासरी अवघी ७.९ गुणांची होती.

अखेरचा हंगाम

२०१२-१३ मध्ये ते न्यूयॉर्क निक्सकडून खेळले. संघाने ५४ सामने जिंकले. मात्र बाद फेरीतील आपल्या शेवटच्या दहा सामन्यांत किड यांना एकही गुण करता आला नाही. परिश्रमपूर्वक कमावलेली फेकही अखेर साथ सोडून गेली. जून २०१३ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली, तेव्हा १२,०९१ असिस्ट व २,६८४ स्टील या दोन्ही नोंदींत केवळ जॉन स्टॉकटन त्यांच्या पुढे होते. असिस्टमधील दुसरे स्थान डिसेंबर २०२४ मध्ये ख्रिस पॉल यांनी घेतले. निवृत्तीच्या त्याच महिन्यात ब्रुकलिन नेट्सने किड यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक केली.