प्रमाणपत्र खासगी, देखरेख सरकारी

अमेरिकेत दारुड्याला सावरायला बराच काळ दारू सोडलेला माणूसच पुढे येई. पदवी नाही, अनुभव मात्र अस्सल. मिनेसोटा राज्याने १९५४ मध्ये अशा समुपदेशकांसाठी सरकारी नोकरीत रीतसर पदच निर्माण केलं.

कॅलिफोर्नियाने वेगळी वाट धरली: नियम सरकारचे, प्रमाणपत्र खासगी संस्थांचं. २००५ पासून लागू झालेल्या नियमांत १५५ तासांचं शिक्षण, १६० तासांचं देखरेखीखालचं प्रशिक्षण आणि २,०८० तासांचा अनुभव अशा अटी आल्या. कागदावर सगळं चोख. पण उमेदवाराचा गुन्हेगारी पूर्वेतिहास तपासायची सक्तीच नव्हती!

२०१३ मध्ये राज्याच्या सिनेटच्या देखरेख कार्यालयाने या कारभाराची लक्तरं वेशीवर टांगली. एका संस्थेने काढून टाकलेला समुपदेशक दुसऱ्या संस्थेत नाव नोंदवून पुन्हा रुग्णांसमोर बसू शकत होता. लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेलेही समुपदेशकांत सापडले. अर्थात सरसकट चाळणी लावणंही सोपं नाही. व्यसनातून बाहेर पडलेल्या कित्येकांच्या नावावर जुने गुन्हे असतात, आणि या पेशाचा कणा तीच माणसं.

त्याच वर्षी राज्याचं स्वतंत्र व्यसनविषयक खातं बंद होऊन देखरेख आरोग्यसेवा खात्याकडे गेली. प्रमाणपत्रं मात्र खासगी संस्थांच्याच हाती राहिली.