टाकळीच्या गोगलगायी

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून 2023 मध्ये उत्क्रांतीचा भाग गेला. बारावीत आहे ना, असं सांगितलं जातं. आहे, पण जीवशास्त्र घेणाऱ्यांनाच. बाकीच्यांनी काय करायचं?

आपल्या नागपुरात तर याचा पुरावा पायाखाली आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी; त्यांच्या नावाचं कॉलेज आपण सगळे जाणतो. टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेला जुन्या तळ्याचा गाळ आहे. त्यातून त्यांनी गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, फळं, बिया असे जीवाश्म मिळवले. रॉबर्ट हंटर यांच्यासोबतचा त्यांचा लेख 1855 साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला. डार्विनचा ग्रंथ त्यानंतरचा, 1859चा.

हिस्लॉप धर्मोपदेशकच होते हो! तरी सापडलेला शंख त्यांनी जगापुढे ठेवला. थराचं वय मात्र त्यांनी कमी धरलं. आज आपण ते सुमारे 6.6 कोटी वर्षं, म्हणजे डायनासोरांच्या अखेरीच्या आसपासचं मानतो. विज्ञान असं दुरुस्त होत जातं, आणि दहावीच्या मुलाला नेमकं हेच दिसायला हवं होतं.

टाकळीचा शंख हातात घेऊन त्यानं विचारलं, 'ही जात आता का नाही?' तर आपण काय म्हणणार, बारावीपर्यंत थांब?