डाग हॅमरशोल्ड पदक : शांतिसैनिकांच्या बलिदानाची नोंद

संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमेत सेवा बजावताना प्राण गमावणाऱ्यांना मरणोत्तर दिले जाणारे पदक म्हणजे डाग हॅमरशोल्ड पदक. सैनिक, पोलीस आणि नागरी कर्मचारी अशा तिन्ही गटांतील व्यक्तींना ते दिले जाते. सुरक्षा परिषदेने २२ जुलै १९९७ रोजी ठराव क्रमांक ११२१ द्वारे त्याची स्थापना केली.

नाव कोणाचे?

स्वीडनचे डाग हॅमरशोल्ड हे संयुक्त राष्ट्रांचे दुसरे महासचिव होते. काँगोमधील कटांगा प्रांतात पेटलेला संघर्ष थांबवण्याच्या वाटाघाटींसाठी ते निघाले असताना, १८ सप्टेंबर १९६१ रोजी त्यांचे विमान आजच्या झांबियातील एन्डोला शहराजवळ कोसळले. त्या वर्षीचे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मरणोत्तर देण्यात आले.

पदकाचे स्वरूप

हे पदक छातीवर लावायचे नसते. ते अंडाकृती स्फटिककाचेचे असते. त्यावर संयुक्त राष्ट्रांचे बोधचिन्ह, 'शांततेच्या सेवेत' या अर्थाचे इंग्रजी व फ्रेंच शब्द, मृत व्यक्तीचे नाव आणि मृत्यूची तारीख कोरलेली असते. हुद्दा किंवा देश कोणताही असो, पदक सर्वांना सारखेच. पहिली पदके १९९८ मध्ये तिघांच्या नावे देण्यात आली : स्वतः हॅमरशोल्ड, १९४८ मध्ये जेरुसलेममध्ये हत्या झालेले मध्यस्थ फोक बर्नाडोट आणि त्याच वर्षी पॅलेस्टाइनमध्ये मारले गेलेले फ्रेंच निरीक्षक रेने द लाबारिएर.

२९ मे हाच दिवस का?

संयुक्त राष्ट्रांची पहिली शांतता मोहीम २९ मे १९४८ च्या ठरावातून उभी राहिली. अरब-इस्रायल युद्धविरामावर देखरेख ठेवणे हे तिचे काम होते. म्हणून २००३ पासून २९ मे हा आंतरराष्ट्रीय शांतिसैनिक दिन म्हणून पाळला जातो. या दिनानिमित्त न्यूयॉर्क येथील मुख्यालयात त्या-त्या देशाच्या प्रतिनिधीकडे पदक सुपूर्द केले जाते आणि पुढे ते कुटुंबाकडे पोहोचते.

नोंदीची गरज

संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचे सैन्य नाही. सदस्य देश आपले जवान आणि पोलीस पाठवतात. शांतिसैनिक कोणत्याही एका पक्षाच्या बाजूने लढत नाहीत. स्वसंरक्षण किंवा नेमून दिलेल्या कामाचे रक्षण एवढ्यापुरताच बळाचा वापर त्यांना करता येतो. त्यामुळे त्यांच्या मृत्यूमागे बहुधा कोणताही 'विजय' नसतो. हल्ल्यांइतकेच अपघात आणि आजारही अनेकांचे प्राण घेतात. १९४८ पासून असे ४,००० हून अधिक जण मरण पावले आहेत.

भारताचा वाटा

शांतता मोहिमांमध्ये सर्वाधिक मनुष्यहानी सोसणारा देश भारत आहे. ही संख्या सुमारे १८० आहे. हॅमरशोल्ड ज्या संघर्षासाठी निघाले होते, त्याच संघर्षात त्यांच्या मृत्यूनंतर अडीच महिन्यांनी, ५ डिसेंबर १९६१ रोजी, कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आले. एलिझाबेथव्हिल (आजचे लुबुम्बाशी) येथे शत्रूने अडवलेला रस्ता मोकळा करताना त्यांनी मूठभर गोरखा जवानांसह कितीतरी मोठ्या तुकडीवर चाल केली. त्यांचे वय होते २६. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतील कामगिरीसाठी परमवीर चक्र मिळालेले ते एकमेव सैनिक आहेत. दक्षिण सुदानमध्ये एप्रिल २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्यावर झालेल्या हल्ल्यात पाच भारतीय जवान मारले गेले.

जून २०२३ मध्ये, भारताने मांडलेला ठराव स्वीकारून आमसभेने मुख्यालयात शांतिसैनिकांची स्मृतिभिंत उभारण्यास मान्यता दिली. पदक घरात राहते आणि ते घरच्यांपुरतेच दिसते. परक्या देशातील शांततेसाठी गेलेल्या या माणसांची नावे, ज्यांच्या वतीने ती गेली त्या जगाच्या नजरेसमोर राहावीत, हा या भिंतीमागचा हेतू आहे.