भूमिपुत्रवाद आणि काँग्रेस : देशमुख–चव्हाण काळ

परप्रांतीयांविरुद्ध आक्रमक पक्ष उभा राहिला की प्रस्थापित पक्ष कसे वागतात, याचे महाराष्ट्रातले बोलके उदाहरण २००८ ते २०१० या काळातले आहे. रण पेटले मुंबई-ठाणे-नाशिकात. निर्णय घेणारे मात्र मराठवाड्याचे. मुख्यमंत्री विलासराव देशमुख लातूर जिल्ह्यातल्या बाभळगावचे, डिसेंबर २००८ मध्ये त्यांच्या जागी आलेले अशोक चव्हाण नांदेडचे, आणि नोव्हेंबर २००८ अखेरपर्यंत केंद्रीय गृहमंत्री असलेले शिवराज पाटील चाकूरकरही लातूरचेच.

बॉनी मेगिड या राज्यशास्त्रज्ञ अशा वेळी तीन वाटा सांगतात : दुर्लक्ष, विरोध, किंवा मागणीच उचलणे. तिसऱ्या वाटेचे अलीकडचे उदाहरण डेन्मार्कच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाचे (२०१९). विरोधाला दुहेरी धार असते. फ्रान्समध्ये समाजवाद्यांनी नॅशनल फ्रंटशी उघड वैर घेतले, त्याने फ्रंट वाढला आणि फटका पारंपरिक उजव्यांना बसला, असे मेगिड यांचे म्हणणे.

महाराष्ट्रात काँग्रेसने तिन्ही वाटा चोखाळल्या, अनेकदा एकदमच. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेकडे वसंतराव नाईक सरकारने इतका कानाडोळा केला, की तिला ‘वसंतसेना’ म्हटले गेले. राज ठाकरे यांच्या मनसेबाबतही (स्थापना २००६) तोच संशय घेतला गेला. फेब्रुवारी २००८ मध्ये ठाकरेंना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. १९ ऑक्टोबरला रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मुंबईत मारहाण झाली, तेव्हा २१ तारखेला ठाकरेंना रत्नागिरीत पुन्हा अटक झाली. त्याच सुमारास नांदेडमध्ये शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी पंजाबातून आलेल्या भाविकांचे स्वागत हेच सरकार करत होते! आणि १७ नोव्हेंबरला उद्योगांमध्ये पर्यवेक्षकीय पदांवर किमान ५० टक्के, एकूण पदांवर ८० टक्के स्थानिक असावेत, असा शासन निर्णय निघाला. अटक आणि शासन निर्णय यांत महिन्याचेही अंतर नव्हते.

हिशेब मतपेटीत दिसला. २००९ च्या लोकसभेत मनसेने शिवसेना-भाजप युतीची मते खाल्ली. मुंबईतल्या सहाही जागा काँग्रेस आघाडीला मिळाल्या. विधानसभेत मनसेचे १३ आमदार आले, त्यांपैकी मराठवाड्यात एकटे कन्नड. नांदेड-लातुरात एकही नाही. त्याचे कारण उघड आहे. मुखेड-लोह्याकडचा माणूस पोटासाठी स्वतःच पुणे, मुंबई, हैदराबाद गाठतो. इथे रोष बाहेरून येणाऱ्यावर कमी, विकासाच्या अनुशेषावर जास्त. शिवसेनाही १९८५ नंतर मराठवाड्यात रुजली ती हिंदुत्व आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला विरोध यांवर. ‘स्थानिक कोण’ हा वाद मात्र या भागाला जुनाच. निजामी हैदराबादेत मुलकी ठरण्यासाठी १५ वर्षांचे वास्तव्य लागे.

नेमका १५ हाच आकडा २० जानेवारी २०१० रोजी पुन्हा समोर आला. टॅक्सीचा परवाना हवा तर १५ वर्षांचे वास्तव्य आणि मराठी लिहिता, वाचता, बोलता येणे आवश्यक, असे मंत्रिमंडळाने ठरवले. दिल्ली आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून ओरड होताच दुसऱ्याच दिवशी अशोक चव्हाणांनी खुलासा केला : स्थानिक भाषा म्हणजे मराठी, हिंदी, गुजराती, कोणतीही चालेल. वास्तव्याची अट तर १९८९ च्या नियमांतच होती. नवे असे जे काही होते ते एका दिवसात गळाले, आणि मनसेला सरकारवर पळ काढल्याची टीका फुकटात करता आली. तळ्यात-मळ्यात धोरणाचा इतका स्वच्छ नमुना क्वचितच सापडेल.

पुढे भाजप-सेना सरकारात परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी रिक्षा परवान्यासाठी मराठीची सक्ती आणली. ती २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली.